द्राक्षवेलीवांचून द्राक्षारसाचा किनारा

ज्युबिलीच्या वर्षीं धर्मग्रामांतील मंडळी सहलीचे बेत करूं लागतात, आणि हल्लीं दोन दिवसांची सहल म्हटली कीं तरुण मंडळींच्या तोंडीं नाशिकच्या द्राक्षमळ्यांचें नांव प्रथम येतें. शनिवारीं निघावें, मळा पाहावा, द्राक्षें पिळून रस कसा काढितात व तो पिंपांत कसा मुरवितात हें समजून घ्यावें आणि रविवारीं परतावें, असा तो क्रम असतो. या बेतास आमची हरकत नाहीं. परंतु पनवेलच्या ख्रिस्ती मनुष्यानें घाट चढण्यापूर्वीं आपल्या पायांखालचा किनारा एकदां पाहून घ्यावा, असें आमचें म्हणणें आहे. घारापुरी, उरण, चौल, रेवदंडा आणि कोर्लई हा लहानसा टापू दोन दिवसांत सहज पाहून होतो. आणि द्राक्षारसाच्या व्यापाराचा येथील इतिहास दोन हजार वर्षांइतका जुना आहे.

नवल हें कीं, या किनाऱ्यावर द्राक्षवेल कधींच नीटशी रुजली नाहीं. येथें द्राक्षारस आला तो नेहमीं दुरून आला; आणि येथें जें मद्य निपजलें तें माडाचें, ताडाचें व मोहाचें. बाहेरून आलेला रस आणि येथलें मद्य या दोन धारा एकमेकींस लागून वाहत आल्या आहेत. त्यांतील एक आपल्या वेदीवर पोंचली आणि दुसरीनें पुष्कळ घरें बुडविलीं. ह्या दोहोंची कथा थोडक्यांत सांगावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम वेल कां नाहीं, हें पाहूं. द्राक्ष पिकतांना कोरडी हवा, थंड रात्र आणि पायाशीं निचऱ्याची जमीन लागते. आमच्या पनवेल तालुक्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि पुढेंही खाडीची दमट हवा सुटत नाहीं. अशा हवेंत वेलीवर केवडा व भुरी हे रोग माजतात आणि घड हातीं येण्यापूर्वींच जातो. घाटापलीकडे पाऊस एकदम उतरतो. तेथें बागाईतदार वर्षांतून दोनदां वेल छाटतो, उन्हाळ्यांत खरड छाटणी व पावसाळ्याअखेर गोडी छाटणी, आणि माघ-फाल्गुनाच्या सुमारास कोरड्या हवेंत माल काढितो. ही सोय कोंकणास निसर्गानें दिली नाहीं. त्याऐवजीं त्यानें समुद्र दिला, आणि समुद्रावाटें द्राक्षारस आला.

पहिल्या दिवशीं सकाळीं घारापुरी गांठावी. सन २०२४ च्या जानेवारीच्या १२ तारखेस आगगाडी उरणपर्यंत पोंचली व त्याच दिवशीं शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतुही खुला झाला. त्यामुळें हा सारा भाग पनवेलकरांच्या हाताशीं आला आहे. बेटावर जावयास मुंबईच्या अपोलो बंदरावरून होड्या सुटतात. सोमवारीं लेणीं बंद असतात, हें ध्यानांत ठेवावें. लेणीं पाहावयास सारें जग येतें. सन १९८७ मध्यें त्यांचें नांव जागतिक वारशाच्या यादींत दाखल झालें. आमचें लक्ष मात्र बेटाच्या किनाऱ्याकडे आहे. तेथें संशोधकांस उंच, दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या मातीच्या रांजणांचे तुकडे सांपडले आहेत. अशा रांजणास ॲम्फोरा म्हणतात. भूमध्य समुद्राकांठचे लोक द्राक्षारस, जैतुनाचें तेल व खारविलेल्या मासळीचा रस अशा रांजणांत भरीत, तोंडास बूच बसवीत आणि ते गलबतांत ओळीनें रचीत. ज्या काळीं प्रेषित संत पौल भूमध्य समुद्रावरून प्रवास करीत होते, त्याच शतकांत ही गलबतें तांबड्या समुद्रांतून निघून मोसमी वाऱ्यावर आमच्या किनाऱ्यास लागत होतीं.

यास लेखी पुरावाही आहे. पहिल्या शतकांत एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानें लिहिलेली ‘पेरिप्लस’ नांवाची वाटपोथी प्रसिद्ध आहे. भडोच बंदरीं कोणता माल खपतो हें सांगतांना तो द्राक्षारसाचें नांव घेतो: इटलीचा रस लोकांस अधिक पसंत, त्याखेरीज लाओदिकीयाचा व अरबस्थानचाही चालतो, आणि राजासाठीं म्हणून उंची रस निराळा आणितात. ही लाओदिकीया सीरियाच्या किनाऱ्यावरील समजतात. प्रकटीकरणाच्या ग्रंथांतील लावदिकीया ती वेगळी. त्याच पोथींत कल्याण आणि सेमुल्ला हीं बंदरें येतात, आणि सेमुल्ला म्हणजे आमचें चौल होय. कल्याणाविषयीं तो सांगतो कीं, तें पूर्वीं रीतसर व्यापाराचें बंदर होतें. पुढें राज्य बदललें, बंदरावर निर्बंध आले, आणि चुकून तेथें शिरलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचेस पाठविण्यांत येऊं लागलीं. अर्थात् मद्याच्या व्यापारांत राजाज्ञेचा हात आमच्या खाड्यांत तेव्हांपासूनच होता.

एक सावधगिरीची गोष्ट येथें सांगणें अवश्य आहे. भारतांत मिळालेले असे सर्वच तुकडे रोमन नव्हत. त्यांपैकीं कांहीं इराणच्या आखाताकडील, आंतून डांबर लावलेल्या लांबट रांजणांचे आहेत, असें अलीकडील अभ्यासकांनीं दाखविलें आहे. यावरून रोमचा व्यापार ओसरल्यावरही पश्चिमेकडील रांजण आमच्या किनाऱ्यास येत राहिले, एवढें निश्चित होतें. तथापि हा रस राजेरजवाड्यांच्या व बड्या व्यापाऱ्यांच्या घरचा. आगरी, कोळी, भंडारी यांच्या घरीं जें होतें तें निराळें, आणि त्याची गांठ दुसऱ्या दिवशीं पडते.

पहिल्या दिवशीं दुपारनंतर पेणवरून अलिबागेस जाऊन मुक्काम करावा. उरण त्याच दिवशीं पाहून होतें. परंतु काळाच्या क्रमानें त्याची हकीकत शेवटीं सांगणें सोयीचें आहे. दुसऱ्या दिवशीं पहाटे निघून सुमारें १७-१८ किलोमीटरांवर रेवदंडा गांठावा. चौल आणि रेवदंडा हीं जुळीं गांवें नारळी-पोफळींच्या आगरांत दडलेलीं आहेत. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्वेर शहरचा अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलास उतरला व तेथून जुन्नरास गेला. या देशांत नारळापासून मद्य करितात, अशी नोंद त्यानें आपल्या टिपणांत करून ठेविली आहे. द्राक्षांचा रस पिणाऱ्या मुलुखांतून येणाऱ्या प्रत्येक प्रवाशास ही गोष्ट चमत्कारिक वाटे.

पोर्तुगीज लोकांनीं सन १५२१ मध्यें येथें किल्ल्यास आरंभ केला. त्यांच्या वैद्यांपैकीं गार्सिया द ओर्त यांनीं सन १५६३ मध्यें गोव्यास छापलेल्या आपल्या औषधींच्या ग्रंथांत माडाचें वर्णन फार बारकाईनें केलें आहे. कांहीं माड फळांसाठीं राखितात व कांहीं सुरेसाठीं, असें ते लिहितात. सुरा भट्टीवर गाळली म्हणजे पहिल्या जळजळीत धारेस लोक ‘फूल’ म्हणतात, हेंही त्यांनीं टिपलें आहे. हा आमचाच शब्द साडेचारशें वर्षांपूर्वीं पोर्तुगीज ग्रंथांत जाऊन बसला आहे.

हें काम भंडारी समाजाचें. भंडारी सकाळसंध्याकाळ माडावर चढे. न उमललेली पोय तो दोरीनें आवळी, दिवसेंदिवस हलक्या हातानें ठोकून तिला मऊ करी, मग धारदार कोयत्यानें तिच्या टोंकाची पातळ चकती उतरवी व खालीं मडकें बांधी. पाझरलेला रस पहाटे गोड नीरा असतो; ऊन चढलें कीं त्याची माडी होते; भट्टीवर चढविली कीं दारू. एकाच झाडाच्या रसांत अन्न, औषध व विष हीं तिन्ही असतात. कोणतें होणार हें वेळेवर व मनुष्याच्या संयमावर अवलंबून असतें.

आतां प्रश्न असा कीं, माडी मुबलक आणि द्राक्षारस समुद्रापलीकडे, अशा स्थितींत पवित्र मिस्साबलिदान कसें चालावें? ख्रिस्तसभेचा नियम पहिल्यापासून स्पष्ट आहे. प्रभु येशूनें अखेरच्या भोजनाच्या वेळीं द्राक्षवेलीचा उपज हातीं घेतला, म्हणून वेदीवरील रस द्राक्षांचाच असला पाहिजे. तो नैसर्गिक असावा व बिघडलेला नसावा. सन १९१७ च्या धर्मविधिसंहितेंत हाच नियम होता व सन १९८३ च्या संहितेच्या ९२४ व्या कलमांत तोच कायम आहे. माडी कितीही निर्मळ असो, काजूच्या बोंडाचा रस कितीही गोड असो, वेदीवर तो चालत नाहीं. यास्तव कोंकणांतील प्रत्येक देवळास, मग तें कितीही गरीब असो, कोठल्या तरी दूरच्या द्राक्षमळ्याशीं संबंध ठेवावाच लागला.

हा संबंध पोर्तुगालच्या गलबतांनीं राखिला. रस पिंपांतून येई. आमच्या मराठींतील ‘पीप’ हा शब्दच पोर्तुगीज ‘पिपा’ वरून आला आहे. परंतु आफ्रिकेस वळसा घालून येणाऱ्या गलबतांस सहा महिने व कधीं त्याहून अधिक लागत. विषुववृत्त दोनदां ओलांडावें लागे. आणि उन्हानें रस आंबट होण्याचें भय असे. जो पोंचे तो महाग असे. सन १५८३ ते १५८८ पर्यंत गोव्यास राहिलेला डच गृहस्थ लिन्स्खोतेन यानें यावरील एक तोड लिहून ठेविली आहे: येथील पोर्तुगीज लोक माडाच्या मद्यांत होर्मुझहून आलेल्या मनुका घालीत, म्हणजे त्यास रंग व चव द्राक्षारसासारखी येई. जेवणाच्या टेबलासाठीं ही युक्ति ठीक, वेदीसाठीं नव्हे. निव्वळ मनुका पाण्यांत भिजवून केलेला रस मात्र, रंगानें व चवीनें खरा द्राक्षारस ठरत असेल तर, रोमनें चालवून घेतला आहे. उष्ण प्रदेशांत व लांबच्या समुद्रप्रवासांत रस टिकावा म्हणून त्यांत द्राक्षांपासूनच काढलेला मद्यार्क थोडा मिसळण्याचीही सवलत आहे. सन १८९६ च्या रोमच्या निर्णयाप्रमाणें एकंदर मद्यार्काचें प्रमाण शेंकडा १७-१८ च्या वर जातां कामा नये. हे नियम वाचतांना शुष्क वाटतात. पण आमच्यासारख्या दमट किनाऱ्यावरील देवळांची अडचण ओळखूनच ते केलेले आहेत.

रेवदंड्याच्या कोटांत फिरतांना हें सारें डोळ्यांपुढें उभें राहतें. सात मजल्यांच्या मनोऱ्याचा उरलेला भाग, ज्यास लोक सातखणी म्हणतात, दुरूनच दिसतो. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नांवाचें चॅपेल व इतर पडक्या देवळांच्या भिंती आगरांच्या मधून डोकावतात. सन १७३९ मध्यें वसई पडली आणि पुढच्याच वर्षीं चौल मराठ्यांच्या स्वाधीन झालें. त्यानंतर या देवळांत मिस्साबलिदान राहिलें नाहीं.

परंतु रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लईस गेलें म्हणजे तो धागा तुटला नाहीं असें दिसून येतें. सन १५९४ मध्यें पोर्तुगीजांनीं जिंकलेल्या किल्ल्याच्या पायथ्याशीं आजही एक ख्रिस्ती वस्ती आहे. गोव्याच्या राज्याशीं संबंध तुटून पावणेतीनशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तरी सुमारें हजार माणसांच्या या समाजानें पोर्तुगीजांतून उपजलेली आपली बोली घरांत जतन केली आहे. ते तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा, असें म्हणतात. बाहेरच्यांशीं ते आपल्यासारखेंच मराठी बोलतात. त्यांचें देऊळ कार्मेल डोंगरावरील पवित्र मातेच्या नांवाचें आहे. सहलीस गेलेल्या मंडळींनीं रविवारचें मिस्साबलिदान येथेंच ऐकावें, असें आम्ही आग्रहानें सुचवितों. ज्या रसाचा माग आपण दोन दिवस काढितों तो चाळिशींतील आगरांतून नव्हे, तर घाटावरून अथवा परदेशांतून येऊन त्या कपांत पडतो, हें तेथें गुडघे टेकल्यावर जितकें समजतें तितकें पुस्तक वाचून समजत नाहीं.

परतीच्या वाटेवर आपल्या गांवाचाही विचार करावा. सन १८३० मध्यें बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हां मुंबईहून पुण्यास जाणारा मनुष्य होडीनें पनवेलच्या बंदरीं उतरे व पुढें गाडीनें खोपोली गांठी. पुण्याच्या छावणीचा विलायती माल याच वाटेनें वर चढे. सन १८६३ मध्यें बोरघाटांतून कर्जतवरून आगगाडी गेली आणि पनवेलच्या बंदराची ती भरभराट ओसरली. त्याच सुमारास तालुक्याच्या दुसऱ्या टोंकास एक निराळा धंदा वाढत होता.

ते टोंक म्हणजे उरण. एकोणिसाव्या शतकांत उरण हा पनवेल तालुक्याचाच पेटा होता, आणि मिठागरांबरोबर तेथील प्रसिद्ध धंदा म्हणजे मोहाची दारू गाळण्याचा. भट्ट्या बहुतेक पारशी व्यापाऱ्यांच्या असत. मोहाचीं फुलें गुजराथेंतील पंचमहालाकडून येत. आणि दारू मुंबईस व ठाणें-कुलाब्याच्या खेड्यापाड्यांस जाई. सन १८७८ चा अबकारी कायदा आल्यावर सरकारचें धोरण पक्कें झालें. घरोघरच्या व गांवोगांवच्या भट्ट्या बंद पाडावयाच्या, गाळप मोजक्या ठिकाणीं आणावयाचें, विक्रीचा मक्ता द्यावयाचा आणि उत्पन्न तिजोरींत घालावयाचें, असें तें धोरण होतें. माडा-ताडांवर झाडागणिक कर बसला व चढत गेला. ज्या भंडाऱ्याचें झाड त्याच्या आज्यानें लाविलें होतें, त्यासच आतां त्या झाडास सुरी लावण्यापूर्वीं परवाना काढावा लागे. कित्येकांनीं धंदा सोडून मुंबईची वाट धरिली.

याहून कठोर आघात डोंगरांतील लोकांवर झाला. मोहाचें फूल हें कातकरी व ठाकूर यांचें केवळ मद्य नव्हतें. टंचाईच्या दिवसांत तें त्यांचें अन्न होतें. सन १८९२ च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचीं फुलें जवळ बाळगण्यावरच निर्बंध आला. म्हणजे आपल्याच रानांतील फूल वेंचून खाणारा गुन्हेगार ठरला, आणि तेंच फूल दूरदेशांतून आणून गाळलेली दारू मात्र मक्तेदाराच्या दुकानांत उजळ माथ्यानें विकली जाऊं लागली. पूर्वीं सणावारीं घरीं केलेली दारू आतां रोख पैशानें अथवा उधारीनें घ्यावी लागे. उधारी वाढली कीं जमीन जाई अथवा बैल जाई. मद्याचा दोष मद्यांत असतोच, तो आम्ही झांकीत नाहीं. परंतु गरिबाच्या व्यसनावर तिजोरी भरणें हा त्याहून वेगळा दोष होय, आणि तो राज्यकर्त्यांकडे जातो. उरणच्या बंदरावर उभें राहून हें आठवावें. पाहण्यासारखी भव्य इमारत तेथें कांहीं नसली तरी या सहलींतील सर्वांत बोधप्रद ठिकाण आमच्या मतें हेंच आहे.

स्वातंत्र्यानंतर वारें उलट फिरलें. सन १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला व पुढील वर्षीं साऱ्या मुंबई राज्यांत दारूबंदी आली. त्या कडक कायद्यांतही धर्मविधीसाठीं द्राक्षारस बाळगण्यास व वापरण्यास परवानगी देण्याची तरतूद ठेविली होती. वेदीवरील कप आणि गुत्त्यांतला पेला यांतील भेद कायदे करणारांनींही मान्य केला, ही गोष्ट कृतज्ञतेनें नमूद करण्यासारखी आहे. पुढें सन १९६० नंतरच्या दशकांत बंदी सैल झाली. नंतर घाटावर नारायणगांव व नाशिक येथें द्राक्षारसाचे कारखाने उभे राहिले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून नाशिकचें नांव सर्वतोमुखीं झालें. किनाऱ्यानेंही आपली वाट सोडलेली नाहीं. गोव्याच्या काजूच्या फेणीस सन २००९ मध्यें भौगोलिक ओळखीची नोंद मिळाली. आणि पालघर जिल्ह्यांत बोर्डी येथें चिकूच्या रसापासून मद्य करूं लागले आहेत. द्राक्षवेल नाहीं, म्हणून जें फळ हातीं लागेल त्याचा रस मुरवावा, ही किनाऱ्याची जुनीच रीत होय. आपल्या ईस्ट इंडियन व गोवेकर कुटुंबांत नाताळापूर्वीं मनुकांचा रस मुरवितात, तोही लिन्स्खोतेननें पाहिलेल्या युक्तीचा दूरचा आप्तच म्हणावा.

आमची विनंती एवढीच आहे. नाशिकचा बेत पुढच्या वर्षीं अवश्य करावा. ज्या मातींत वेदीवरील रसाचें फळ पिकतें ती माती पाहणें चांगलेंच. पण प्रथम हे दोन दिवस या किनाऱ्यास द्यावेत. जातांना बरोबर मुलें घ्यावीं, तसेच वृद्धही घ्यावेत. माडाची पोय कशी आवळीत, आजोबांनीं झाड कां सोडलें, दारूपायीं कोणतें शेत गेलें, हें सांगणारीं माणसें आपल्या धर्मग्रामांत अजून आहेत. त्यांचे शब्द कोणी तरी वहींत उतरून घ्यावे. घारापुरीचे रांजण संशोधकांनीं जपले. कोर्लईची बोली कोर्लईकरांनीं जपली. ही तिसरी ठेव जपणें आपल्या हातीं आहे.

आणि ज्युबिलीच्या मिस्साबलिदानांत धर्मगुरु कप उंच धरतील तेव्हां क्षणभर हें मनांत आणावें कीं, या कपांतील थेंबासाठीं दोन हजार वर्षें समुद्र व घाट ओलांडले गेले, आणि याच किनाऱ्यावर दुसऱ्या पेल्यानें कित्येक गरीब घरें रिकामीं केलीं. पहिल्याबद्दल देवाचे आभार मानावे. दुसऱ्यापासून आपलीं घरें राखण्याची बुद्धि त्याच्यापाशीं मागावी.